शंभराव्या पानावरची चिठ्ठी

“या वेळी एखादी प्रेमकथा आण,” हे म्हणाले, आणि चपलेत घातलेला माझा पाय तसाच राहिला.

मंगळवार होता. यांनी वाचून संपवलेली दोन पुस्तकं पिशवीत टाकून मी कामाला निघाले होते. हे खिडकीशी स्टुलावर बसून जुना टॉर्च दुरुस्त करत होते. बोलताना माझ्याकडे बघितलंही नाही. एक स्क्रू निघत नव्हता, त्याच्याशी झटापट चालली होती.

“काय आणू म्हणालात?”

“प्रेमकथा. लाल पट्टीची.”

“तुम्हाला?”

“नाहीतर काय शेजाऱ्यांना?”

“अहो, पण का?”

“उगीच,” हे म्हणाले.

पासष्टीच्या नवऱ्यानं प्रेमकथा मागितली तर बायकोनं हसावं, फार तर लाजावं. मला घाम फुटला तो त्या ‘उगीच’नं. कारण ते ‘उगीच’ मी याआधी नऊ घरांत ऐकलं होतं, आणि ते म्हणणाऱ्या नऊ माणसांपैकी आज एकही जिवंत नाही.

नीट सांगते. मी वाचनालयात आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमचं वाचनालय दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि पायऱ्या बेचाळीस. ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी घरपोच सेवा आहे, आणि घरपोच सेवा म्हणजे मी. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन पिशव्या भरायच्या, घरोघर जायचं, नवी पुस्तकं द्यायची, जुनी आणायची. पुस्तकं मीच निवडते. वाचकाला विचारलं तर तो म्हणणार, “तुम्हीच आणा काहीतरी चांगलंसं.” आता चांगलंसं म्हणजे काय, ते ज्याच्या त्याच्या रंगावर. आमच्याकडे पुस्तकाच्या पाठीवर पट्टी चिकटवलेली असते. ऐतिहासिक कादंबरीला पिवळी, रहस्यकथेला काळी, प्रेमकथेला लाल आणि माहितीच्या पुस्तकाला निळी. काही वाचक सगळ्यात तोंड घालतात, त्यांचं सोडा. पण बरेचसे एकदा एका पट्टीचे झाले की जन्माचे तिचेच.

एक शिंपीणबाई होत्या. अकरा वर्षं लाल पट्टी. शेवट गोड नसेल तर पुस्तक माझ्या अंगावर टाकायच्या. एका मंगळवारी सुईत दोरा ओवताना, मान वर न करता म्हणाल्या, “या वेळी समुद्राच्या तळाशी काय असतं, त्यावर काही आणा.” मी विचारलं, का हो बाई? म्हणाल्या, “उगीच.” एकोणिसाव्या दिवशी गेल्या. आजारी नव्हत्या, काही नव्हतं. मी पुस्तक परत आणायला गेले तेव्हा कळलं.

तेव्हा मी काही मनाला लावून घेतलं नाही. मग पोस्टातले काका. पिवळी पट्टी सोडून कशाला हात लावायचे नाहीत. कुठल्या लढाईत कोणता सरदार कसा चुकला, हे मला दारात उभं करून अर्धा तास ऐकवायचे. त्यांनी चष्मा पुसता पुसता रहस्यकथा मागितली. का? उगीच. सव्वीस दिवस. मग दातांचे डॉक्टर, माझ्यासारखेच निळ्या पट्टीचे. बुटाच्या लेसची गाठ सोडवताना त्यांनी प्रेमकथा मागितली. अडतीस दिवस. त्यांच्याहून जास्त कुणाला मिळाले नाहीत.

डॉक्टरांच्या नंतर मी माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहायला लागले. एक मागितल्याची, एक गेल्याची. मला भुताखेतांची आवड नाही. मी स्वतः निळ्या पट्टीची बाई. खोट्या गोष्टी वाचून खोटं रडायला मला वेळ नाही, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत आले. मधमाश्या, ज्वालामुखी, माणसाचं मूत्रपिंड, घराचं गळणं, एवढं वाचलं आहे की विचारू नका. पण निळ्या पट्टीनंच मला शिकवलं, की एखादी गोष्ट नऊ वेळा घडली तर ती लिहून ठेवावी. मी लिहून ठेवली. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर घरपोच सेवा दुसऱ्याच कुणाकडे गेली असती.

आणि आता आमच्याच घरात, आमच्याच खिडकीशी, हे.

हे चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करत होते. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून अंधारात दोर तपासायचे. निवृत्त झाले आणि वर्षभरात छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी जिने बंद केले. आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणून निभावलं. तेव्हापासून हेही माझ्या घरपोच वाचकांत, आणि पट्टी काळी. दुसरी कुठलीच नाही. यांची एक पद्धत होती. शंभराव्या पानावर थांबायचं, खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी करून पुस्तकाच्या मागच्या कार्डाच्या खिशात ठेवायची. पुस्तक संपलं की चिठ्ठी माझ्या हातात. “बघ.” मग मी शेवटची दोन पानं वाचून पडताळायची. त्यामुळे शे-दीडशे पुस्तकांतले खुनी मला पाठ आहेत, खून का झाला ते मात्र एकाचंही माहीत नाही. यांचा अंदाज एकूण तीनदा चुकला. तिन्ही वेळा लेखकच चुकला होता, असं यांचं म्हणणं.

त्या मंगळवारी मी संध्याकाळी परतले ती दोन काळ्या पट्ट्या घेऊन.

“लाल सगळी बाहेर गेलीयेत,” मी म्हणाले.

“सगळी?”

“लोकांना सध्या प्रेमाचा पुळका आलाय.”

यांनी पुस्तकं उशाशी ठेवली आणि उघडली नाहीत. आठवडाभर तशीच होती. मी रोज झाडताना बघत होते.

पुढच्या मंगळवारी मी जे केलं ते सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. एका रहस्यकथेवर खाकी कव्हर घातलं आणि काळ्या पट्टीवर लाल पट्टी चिकटवली. वाटलं, नाव प्रेमाचं, आत खून. म्हणजे मागितलेलं दिलं असंही झालं आणि दिलं नाही असंही. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

गुरुवारी दुपारी यांनी हाक मारली.

“अगं, यात प्रेम कुठे आहे? दोन खून झाले, तिसरा होईल असं दिसतंय, आणि अजून कुणी कुणाचा हातसुद्धा धरला नाही.”

“होईल पुढे. धीर धरा.”

यांनी पुस्तक उजेडात धरलं. नखानं लाल पट्टीची कड उचलली. खालची काळी दिसली. ज्या माणसानं दोरातली एक तुटकी तार अंधारात बोटानं शोधली, त्याच्यापुढे मी पट्टीवर पट्टी लावायला गेले होते.

“हे का केलंस?”

कपडे वाळत घालायचे राहिलेत म्हणून मी उठून गेले. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी मी वाचनालयात पिशव्या भरत होते. आमच्या ग्रंथपालबाई देवघेवीच्या टेबलावर नव्या पुस्तकांना पट्ट्या लावत होत्या. एकदम म्हणाल्या, “ताई, जिन्यात कुणीतरी थांबलंय का? मघापासून श्वास ऐकू येतोय.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी म्हटल्यावर आलं. कुणीतरी दोन पावलं चढायचं, थांबायचं, घशातून वारा ओढायचं. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली बघितलं. हे होते. तिसाव्या पायरीवर, कठडा दोन्ही हातांनी धरून. ओठ राखाडी पडले होते. माझ्याकडे बघून हसले आणि आणखी एक पायरी चढले.

मी धावत खाली गेले, यांचा दंड धरला.

“काय चाललंय हे? जीव द्यायचाय का?”

“चौतीस वर्षं,” हे श्वास घेत घेत म्हणाले, “लोकांना बाराव्या मजल्यावर नेऊन सोडलं. मला एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर जायचंय, तर तू जाऊ देईनास.”

मी यांना तिथेच पायरीवर बसवलं. बाईंनी पाणी आणलं. आणि मी वर गेले, लाल पट्टीच्या कपाटासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा ते नीट बघितलं.

एवढी वर्षं मी त्या कपाटातून पुस्तकं दिली ती पाठपोट बघून, वाचकांची मतं ऐकून. आत काय आहे मला ठाऊक नव्हतं. डोळे पाणावले होते, पण मी ठरवलं, की द्यायचंच आहे तर उत्तम द्यायचं. एक उघडलं, पहिल्याच पानावर नायिकेच्या केसांचं वर्णन दीड पान. ठेवून दिलं. दुसऱ्यात दोघंही श्रीमंत आणि दोघंही दुःखी. यांना वैताग आला असता. चौथं की पाचवं उघडलं. नदीवरच्या नावेची तिकिटं देणारा एक माणूस आणि रोज पलीकडे कामाला जाणारी एक नर्स. अकरा वर्षं ती म्हणते, “एक.” तो म्हणतो, “एक,” आणि तिकीट देतो. बाकी बोलणं नाही. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. मग घड्याळ बघितलं आणि खाली गेले.

“हे घ्या,” मी म्हणाले. “जाड आहे. पुरेल.”

मागितल्यापासूनचा तो अकरावा दिवस होता.

त्यानंतर आमच्या घरात वरवर काही बदललं नाही. हे वाचत होते, मी स्वयंपाक करत होते, लेकीचा फोन आला की “सगळं ठीक” सांगत होते. पण मी दुपारी यांच्या छातीवरच्या पांघरुणाकडे बघत बसायची. वर गेलं, खाली आलं. एखाद्या वेळी वर जायला उशीर झाला की मी मुद्दाम भांडं आपटायची. हे दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, “काय पडलं?” मी म्हणायची, “पातेलं.” आमच्याकडे त्या महिन्यात पातेली फार पडली.

सतराव्या दिवशी यांनी शंभरावं पान गाठलं. पेन्सिल मागितली. मी म्हटलं, “अहो, यात खून कुठे आहे?”

“शेवट तर आहे,” हे म्हणाले. लिहिलं, घडी केली, मागच्या खिशात सरकवली.

त्याच संध्याकाळी म्हणाले, “डोळे दुखतात. तू वाच.”

मी लाल पट्टी मोठ्यानं वाचणार? आधी लाज वाटली. मग रोज दुपारी वाचायला लागले. हे पंधरा मिनिटांत झोपायचे. मी आवाज बारीक करत करत मनात वाचायला लागायचे आणि भान यायचं तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलेलं असायचं. यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या पानांपासून वाचावं लागे. माझी काही तक्रार नव्हती. एकदा तर ती नर्स आजारी पडते आणि तीन दिवस नावेवर येत नाही, तिथे मी मध्येच थांबून नाक पुसलं. हे डोळे मिटून म्हणाले, “निळी पट्टी रडतेय वाटतं.” मी म्हटलं, कांदा चिरला होता. कांदा चिरून दोन तास झाले होते.

तिसाव्या दिवशी मला राहवलं नाही. डायरी आणली, शेवटचं पान यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगून टाकलं. नऊ माणसं, नऊ तारखा, नऊ ‘उगीच’. खाली पेन्सिलीनं लिहिलेली दहावी तारीख, यांची.

यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“म्हणून पट्टीवर पट्टी?”

मी मान हलवली.

“वेडी आहेस. म्हातारी माणसं जातातच. लिफ्टचा दोर झिजायचा तेव्हा झिजतो. शेवटच्या माणसानं कितव्या मजल्याचं बटण दाबलं, त्याच्याशी दोराचा काय संबंध?”

“तुम्हीच तर सांगायचात,” मी म्हणाले, “दोर जायच्या आधी लिफ्टचा आवाज बदलतो म्हणून. आत उभ्या असलेल्यांना कळत नाही. दुरुस्तीवाल्यालाच कळतो.”

यांनी डायरी मिटून माझ्या हातात दिली. हात गार होता. थोड्या वेळानं म्हणाले, “वाच पुढे. मला झोप नाही आलेली.”

अडतिसावा दिवस गेला. एकोणचाळिसावा. चाळिसाव्या दिवशी मी कामाला गेलेच नाही, कंबर धरलीय असं कळवलं. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी हे स्टुलावर बसून टॉर्च पुन्हा उघडत होते. मी चहा पुढे ठेवला.

“झालं ना तुझं?” यांनी विचारलं.

“झालं.”

“मग आता मंगळवारी खून आण एखादा. पुरे झालं प्रेम.”

माझ्या जिवात जीव आला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हमसाहमशी रडले. मग डायरी काढली आणि यांची तारीख खोडरबरानं खोडली. कागद थोडा फाटला.

पुस्तक दोन दिवसांपूर्वीच संपलं होतं. शेवटी नदीवर पूल होतो, नाव बंद पडते. तो तिकीटवाला पुलावरून चालत पलीकडे तिच्या दारात जातो आणि म्हणतो, “एक.” ती दार उघडते. संपलं. यांना चिठ्ठीची आठवण त्या दिवशी झाली. मागच्या खिशातून काढून माझ्या हातात दिली. “बघ.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘शेवटी ती आधी जाईल. तो मागे राहील.’

“चुकलात,” मी म्हणाले. आनंदानं म्हणाले. “चौथ्यांदा.”

“लेखक चुकला,” हे म्हणाले. “ती पहिल्या पानापासून दुसऱ्यांचीच काळजी वाहतेय. अशी माणसं मागे नाही राहत.”

मी हसले. चिठ्ठी फेकावी म्हणून चुरगळली आणि कशी कोण जाणे, पदराच्या टोकाला बांधली.

मंगळवारी मी हलक्या पावलांनी बेचाळीस पायऱ्या चढले. घरपोच पिशव्या भरल्या, वाटल्या, परत आले. यांच्यासाठी काळ्या पट्टीची दोन निवडली, त्यातलं एक चांगलं गुंतागुंतीचं. ग्रंथपालबाई नोंद करत होत्या. मी पिशवीच्या बंदाला गाठ मारत होते. बंद जुना झालाय, गाठ नीट बसत नाही.

“तिसरं तुमच्या नावावर ना, ताई?” बाई म्हणाल्या.

“हो.”

“आज लाल?”

“हो.”

“नवलच. का हो?”

“उगीच,” मी म्हणाले.

आणि निघाले. चांगल्या बारा पायऱ्या उतरले. तिसाव्या पायरीवर, जिथे हे थांबले होते तिथे, मला माझा आवाज ऐकू आला. मघाचाच, पण आत्ता कुणी वरून बोलल्यासारखा. मी मान वर केली. जिन्यात कुणी नव्हतं. पिशवीत हात घातला. दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये लाल. ते मी कपाटातून कधी काढलं, का काढलं, आठवेना. खरं सांगायचं तर आठवत होतं. मला फक्त वाचावंसं वाटलं होतं. आणखी एखादं, त्या नावेवरच्यासारखं. यापेक्षा जास्त काही नव्हतं. त्या नऊ जणांनाही बहुधा एवढंच वाटलं असेल. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

परत जाऊन पुस्तक देता आलं असतं. पण शिंपीणबाईंनीही समुद्राचं पुस्तक न उघडताच ठेवून दिलं होतं, तरी त्या गेल्याच. मी खाली उतरले.

घरी काही सांगितलं नाही. पुस्तक माझ्या साड्यांच्या घडीखाली ठेवलं. आणि कामाला लागले. पुढच्या दिवसांत मी एवढी कामं केली की लेक फोनवर म्हणाली, “आई, कुठे प्रवासाला निघालीस की काय?” यांच्या गोळ्या सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या, वेगवेगळ्या डब्यांत घालून डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. भात कसा लावायचा ते यांना शिकवलं. तीनदा करपवला. चौथ्यांदा जमला. जाड रजई कुठे आहे, पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो, सगळं दाखवलं. वाचनालयात प्रत्येक घरपोच वाचकाचं एकेक कार्ड लिहून बाईंना दिलं. कुणाला मोठी अक्षरं लागतात, कुणाला मूल दगावलेलं चालत नाही, कुणी शेवटचं पान आधी वाचतं. एका कार्डावर लिहिलं: ‘फक्त काळी पट्टी. खुनी शंभराव्या पानाच्या आत कळेल असं देऊ नये, चिडतात.’

बाईंनी कार्डं बघितली. “आता निवृत्ती घेताय का काय?”

“तसंच काहीसं,” मी म्हणाले.

भीती वाटते का? वाटते. दुपारी भांडी घासताना मध्येच हात थांबतो आणि वाटतं, हे ताट पुन्हा मी घासणार का. पण सगळ्यांत जास्त भीती मला हे एकटे राहण्याची वाटते. मीठ कुठे आहे ते यांना अजून सापडत नाही.

आज तेविसावा दिवस आहे.

जेवणं झाल्यावर मी अंमळ पडले होते. डोळा लागला असावा. जाग आली तर हे माझ्या कपाटापाशी उभे. रजईची जागा लक्षात ठेवायला बघत होते म्हणाले. हातात लाल पट्टीचं पुस्तक होतं. यांनी ते उलटं करून मागच्या खिशातलं कार्ड बघितलं. त्यावर देण्याची तारीख असते. ती तारीख वाचताना यांचे ओठ हलत होते. मनात दिवस मोजत होते.

मी उठून बसले.

“का आणलंस?” यांनी विचारलं.

मी पांघरूण सारखं करायला लागले. यांनी पुन्हा विचारलंही नाही. दोराची गोष्ट सांगितली नाही, वेडी आहेस म्हणाले नाहीत. स्टूल ओढून माझ्या पलंगाशी आणलं. चष्मा पुसला.

“कुठवर आलीस?”

“उघडलंच नाही.”

“मग सुरुवातीपासून. तू पड. मी वाचतो.”

“तुमचे डोळे दुखतील.”

“दुखू देत.”

हे वाचायला लागले. यांना मोठ्यानं वाचायची सवय नाही. प्रत्येक वाक्यानंतर मजला आल्यासारखे थांबतात. मी पडून ऐकत होते. गोष्ट दोन शेजाऱ्यांची आहे, दोघांच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीतून ऐकू येणारा एक रेडिओ. बरी आहे. यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मध्ये एकदा पदराची गाठ माझ्या हाताला लागली. त्यात ती चिठ्ठी अजून होती, रोज साडी बदलताना नव्या पदरात बांधत आलेली. मी गाठ घट्ट केली.

बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला तेव्हा हे शंभराव्या पानावर आले आणि थांबले. आवाज पार बसला होता. खिशातून पेन्सिल काढली, वहीचा एक तुकडा फाडला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले.

“लिही.”

“मी?”

“पुस्तक तुझं आहे. चिठ्ठी तुझीच.”

मी उशीला टेकून बसले. थोडा विचार केला. मग लिहिलं: ‘तो मागे राहतो. आणि नीट राहतो.’

यांनी ती वाचली नाही. घडी केली, मागच्या खिशात सरकवली, चष्मा पुन्हा पुसला आणि एकशे एकाव्या पानापासून पुढे वाचायला लागले.